सेमी-ऑटो शॉटगन भरवशाची आहे का ते कसं तपासायचं

नवीन सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) घेतली, रेंजवर शेल्सचा, म्हणजे काडतुसांचा, एक बॉक्स उडवला, कुठं अडकली नाही, की लगेच "मस्त चालते" म्हणून सांगत सुटायचं, हे इकडे अमेरिकेत क्ले शूटिंगला (हवेत उडवलेल्या चकत्यांवरच्या नेमबाजीला) येणाऱ्या आपल्या मंडळींतही चालतं. पण एका बॉक्सवरून काही कळत नाही, आणि तो बॉक्स दणदणीत लोडचा (जास्त छर्रे-दारू भरलेल्या शेल्सचा) असेल तर अजिबातच नाही, कारण भारी लोडवर बहुतेक बंदुका चालतातच. खरी परीक्षा हलक्या लोडवर.

सुरुवात घरीच करा. चेंबर (नळीचं मागचं टोक, जिथं शेल बसतो) आणि ट्यूब (नळीखाली शेल्स भरायची जागा) रिकामी आहे ना ते डोळ्यानं बघा आणि बोट घालूनही बघा. मग फॅक्टरीतून आलेलं चिकट तेल पुसून काढा, ते गंज लागू नये म्हणून लावलेलं असतं, वंगण मॅन्युअलप्रमाणे वेगळं द्यायचं. त्यानंतर डमी शेल्स, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं, भरून (खरे शेल्स त्या खोलीतही नकोत) बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) हातानं चालवा, शेल लिफ्टरवर (शेल वर उचलणाऱ्या पट्टीवर) सरळ येतो का, आत जातो का, बाहेर फेकला जातो का. बोल्ट पूर्ण मागं ओढून सोडून द्यायचा, हातानं धरून हळूच पुढं न्यायचा नाही. इनर्शियावाल्या (बाराच्या धक्क्यावर बोल्ट चालवणाऱ्या) बंदुकीत बोल्टचं डोकं फिरून लॉक होतं, हळू सोडलं की ते अर्धवट राहतं आणि ट्रिगर दाबल्यावर नुसतं "टक". बेनेली कंपनीच्या बंदुकांवरून याला बेनेली क्लिक म्हणतात.

रेंजवर डोळ्याला चष्मा, कानाला मफ्स, नळी कायम समोर. आधी एकेकच शेल. शेवटचा बार झाला की बोल्ट मागं अडकून राहायला हवा, पुंगळी (शेलचं रिकामं कवच) बाहेर पडली पण बोल्ट परत बंद झाला तर समजा तो पूर्ण मागं जातच नाहीये. हे 12 गेजमध्ये (गेज म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक बारीक) 2¾ इंची शेलवर आधी 1⅛ औंस छर्रे, मग 1 औंस, मग ⅞ औंस असं उतरत करा, म्हणजे कुठल्या लोडला दम संपतो ते दिसतं. मॅन्युअलमध्ये कमीत कमी लोड दिलेला असेल तर त्याच्या खालचं अडकलं म्हणून बंदुकीला नावं ठेवू नका. काही बंदुकांना सुरुवातीला थोडे भारी लोड मारून मोकळं व्हावं लागतं, तेही करून बघा.

मग ट्यूब पूर्ण भरून चालवा आणि अडकलं की खटाखट मोकळं करायची घाई करू नका, आधी नीट बघा, पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी राहिली, की चेंबरमध्येच चिकटली, की पुढचा शेल वरच आला नाही, आणि कितवा शेल होता, हे फोनमध्ये टिपून ठेवा. पहिल्या शेलला स्प्रिंग सगळ्यात घट्ट असते, शेवटच्याला सगळ्यात ढिली, त्यामुळे घोटाळा बऱ्याचदा या दोन टोकांनाच सापडतो. पुंगळी चिकटत असेल तर चेंबर ब्रशनं साफ करा आणि शेल्स बदलून बघा, स्वस्त बल्क पॅकचं बूड पितळेऐवजी बऱ्याचदा स्टीलचं असतं, ते खरबरीत चेंबरमध्ये रुतून बसतं.

गॅसवाली (बाराच्या गॅसवर बोल्ट चालवणारी) असेल तर पोर्ट, म्हणजे गॅस जायची भोकं, काजळीनं बुजलेत का ते बघा. सेकंडहँड रेमिंग्टन 1100 (1963 पासूनचं मॉडेल) घेतली असेल तर नळीखालची रबरी ओ-रिंग आधी तपासा, ती तडकली की बंदूक रुसते, आणि नवीन रिंग अगदी स्वस्तात मिळते. इनर्शियावालीला मागं सरकायला मोकळीक लागते, त्यामुळे जड टॉर्च आणि साइड सॅडल (बाजूला जादा शेल्स ठेवायची पट्टी) लावून ती मंदावली तर दोष बंदुकीचा नाही, आणि सॅडलचे स्क्रू जास्त आवळले की रिसीव्हर (बोल्टभोवतीचा सांगाडा) दबून बोल्ट घासतो ते वेगळंच. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे सुधारली तेच कळणार नाही.

बार फुसका वाजला तर तिथंच थांबा, रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय ना बघा, आत वाड (शेलमधला छर्ऱ्यांखालचा तुकडा) अडकलेला असेल तर पुढच्या बाराला नळी फुटते. नुसतं टक झालं तर नळी समोरच धरून 30 सेकंद थांबा. पिवळे 20 गेज शेल्स 12 गेजच्या पिशवीत कधीच नकोत, ते आत घसरून अडकतात आणि मागून 12 चा शेल जातो.

बदकांच्या शिकारीला नेणार असाल तर प्लग (ट्यूबमधली जागा कमी करणारी दांडी) घालून परत एकदा चालवा, फेडरल नियमानं बंदुकीत एकूण तीनच शेल्स चालतात आणि प्लग तिरका बसला की स्प्रिंग अडते.