सोसायटीच्या मैलापाण्यातून साथीची चाहूल कशी घ्यायची

साथ आलीये हे आपल्याला कळतं कधी, तर दवाखान्यात रांग लागल्यावर. पण व्हायरस त्याच्या आधीच फ्लश होऊन ड्रेनेजला लागलेला असतो, आणि ज्यांना काहीच त्रास नाही त्यांचाही जातो, पोलिओत तर बहुतेकांना काही होतच नाही. म्हणूनच मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी गटारातले नमुने तपासतात. कोविडमध्ये पुणे नॉलेज क्लस्टर (पुण्यातल्या विज्ञान संस्थांचा गट) आणि एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या लोकांनीही सांडपाण्यावर बरंच काम केलं.

तुमच्याकडे एसटीपी, म्हणजे सोसायटीचा सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, असेल तर आधी लॅब पक्की करा, मग बाटली घ्या. आरटी-पीसीआर घरी होत नाही आणि मैलापाण्यातलं काही घरी वाढवून बघायचा उद्योग तर अजिबात नको.

आता नमुना. सगळा खेळ इथेच बिघडतो. आम्ही पहिल्यांदा आउटलेटचं, म्हणजे प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी भरून पाठवलं, दिसायला स्वच्छ होतं ना, आणि रिपोर्ट कोरा, कारण त्यात क्लोरीन मारून झालेलं होतं! घ्यायचं ते इनलेटचं, घाण, प्रक्रियेच्या आधीचं. सकाळी ६ ते ९ मध्ये घ्या, तेव्हा सगळे उठून बाथरूमला जातात. एकदाच बाटली बुडवण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने थोडं थोडं घेऊन एकत्र केलेलं बरं. तेवढा वेळ कोणाला नसेल तर गॉजची घडी दोऱ्याला बांधून रात्रभर प्रवाहात सोडून ठेवा, याला मूर स्वॅब म्हणतात, १९४० च्या दशकातली युक्ती आहे पण आजही चालते. ग्लोव्ह्ज, मास्क, गॉगल हवाच, आणि चेंबरमध्ये कोणीही उतरायचं नाही, बाटली दोरीने सोडायची, आतल्या गॅसने माणसं मरतात. बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि २४ तासांच्या आत लॅबला पोचवा.

रिपोर्टमध्ये सीटी व्हॅल्यू असते, म्हणजे व्हायरस दिसायला पीसीआरच्या किती फेऱ्या लागल्या तो आकडा, ती जितकी कमी तितका व्हायरस जास्त, साधारण ३.३ ने कमी झाली म्हणजे दहापट वाढ. पण पाऊस पडला की पाणी पातळ होतं, सीटी वर जाते आणि व्हायरस उगाच कमी दिसतो, त्यामुळे पावसाची नोंद वहीत ठेवा आणि लॅबला विचारा की मिरचीवरच्या व्हायरसशी तुलना केलीये का. हो, मिरचीच! मिरचीच्या झाडाला लागणारा एक व्हायरस आपण खाऊन खाऊन आपल्या शौचात कायम असतो, त्याच्यावरून पाण्यात मैला किती आहे याचा अंदाज येतो. आपल्याकडे तो कमी पडायची शक्यता कमीच 😄

अजून एक, पीसीआरला व्हायरसचे तुकडे सापडतात, तो जिवंत आहे का हे त्यातून कळत नाही. आणि एका रिपोर्टवरून घाबरून फॉरवर्ड करू नका, दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळेला घ्या. व्हायरस दोन-तीन आठवडे सलग वाढत असेल तर लॅबमार्फत मनपाच्या आरोग्य विभागाला कळवा, पुढचं ते बघतील. कोणत्या विंगमधून येतंय हे शोधायला मात्र जाऊ नका, एका विंगचं पाणी वेगळं घेतलं की लगेच चार घरांवर बोट जातं, आणि मग पुढच्या आठवड्यात इनलेटचं झाकण उघडायलाही कोणी देत नाही.