इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगताना या चुका टाळा

सर्वांत चिवट चूक म्हणजे जुन्या शब्दाची अक्षरे सुटी करून प्रत्येकातून एकेक शब्द काढणे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या वाचनालयात गेले, तेव्हा पेंटर भिंतीवरच्या होकायंत्राभोवती 'न्यूज' या शब्दाची चार अक्षरे निळ्या रंगात काढत होता आणि खाली 'नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ : चारही दिशांची खबर ती न्यूज' असे लिहायचे ठरले होते. रंग अजून ओला होता. मी तिथल्या शिक्षकांना कपाटातला जाड शब्दकोश काढायला लावला. 'न्यू' म्हणजे नवे आणि 'न्यूज' म्हणजे नव्या गोष्टी, एवढीच ती सरळ हकिकत आहे. फ्रेंचमधला 'नूव्हेल' हा शब्दही असाच घडला आहे. शिवाय जुन्या इंग्रजी लेखनात हा शब्द 'डब्ल्यू'नंतर आणखी एक 'ई' घालून, म्हणजे पाच अक्षरांनी लिहिलेला सापडतो, आणि त्या दुसऱ्या 'ई'ला कोणती दिशा द्यायची यावर सगळे थांबले. शेवटी अक्षरे पुसली, होकायंत्र तेवढे राहिले.

आद्याक्षरे जोडून शब्द बनवण्याची रीत विसाव्या शतकात रुळली. 'रडार' तसा बनला. वेटरला द्यायची 'टिप' मात्र 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस'च्या आद्याक्षरांतून आली असे सांगतात, पण ती तशी बनलेली नाही.

'सॅलरी'चे नाते मिठाच्या लॅटिन शब्दाशी आहे इतकेच म्हणावे, कारण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून दिल्याचा पुरावा नाही. 'हॅम्बर्गर'मधला 'हॅम' हा डुकराच्या मांसाचा 'हॅम' नसून जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या नावाचा तुकडा आहे.

नुसत्या उच्चारसाम्यावर विसंबणे ही दुसरी चूक, आणि ती मराठी माणसाने केली की मला अधिक वाईट वाटते. 'मंगूज'च्या शेवटी 'गूज' म्हणजे हंस दिसतो आणि 'गूज'चे अनेकवचन 'गीज' होते म्हणून त्याचे अनेकवचन 'मंगीज' करणारे मी पाहिले आहेत, पण त्या प्राण्याचा हंसाशी काही संबंध नसून तो शब्द आपल्या मुंगसावरूनच इंग्रजीत गेलेला आहे.

मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असा आग्रहही धरू नये. 'मीट' म्हणजे एके काळी कोणतेही अन्न आणि 'डिअर' म्हणजे कोणतेही जनावर होते.

मोबाइलवर आलेली पहिली ओळ पुढे पाठवण्याची घाई नवशिक्यांना फार असते. मी आधी शब्दाचे सर्वांत जुने साल पाहते, मग त्या काळचे स्पेलिंग, आणि गोष्ट सर्वांत शेवटी वाचते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अवतरणे सालवार दिलेली असल्याने हे काम दहा मिनिटांत होते. या क्रमामुळेच 'अंपायर' हा शब्द मला नीट कळला. तो पूर्वी 'न'ने सुरू होत असे, आणि आधीच्या 'अ' या उपपदाला तो 'न' चिकटून शब्दापासून तुटला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'जोडीत न बसणारा' असा होता, म्हणजे भांडणाऱ्या दोघांपैकी कोणाचाच नसलेला तिसरा.