घरातलं माणूस अचानक बिथरलं तर या चुका टाळा

रात्री अकराच्या सुमारास कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका बोळात आमची रुग्णवाहिका शिरली, तेव्हा चार जणांनी एका आजोबांना खाटेवर दाबून धरलं होतं. दारात कुणीतरी लिंबू उतरवून टाकलं होतं. मुलगा रडकुंडीला आला होता. "डॉक्टर, सांजपास्नं आबा येड्यागत करायला लागल्यात. मला वळखंनात."

बोटाला सुई टोचून साखर बघितली, ४१ निघाली, म्हणजे फारच कमी. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि दहा मिनिटांत आबा विचारायला लागले, "एवढी माणसं का जमल्यात?" मधुमेहाची गोळी घेतली होती, जेवण राहून गेलं होतं. मुलगा म्हणाला, आता नको दवाखाना. तरी नेलंच. या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.

सगळ्यात घातक चूक हीच: वागणं बदललं की लगेच मनाचं दुखणं ठरवणं. ही चूक घरचे करतात तशी आम्ही डॉक्टरही करतो. आयुष्यात कधी मानसिक आजार नसलेला माणूस पन्नाशी-साठीनंतर काही तासांत असंबद्ध बोलायला लागला, मध्येच शुद्धीवर येऊन पुन्हा भरकटला, तर कारण बहुतेक वेळा शरीरात असतं. साखर, ताप, लघवीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, डोक्याला मार, पक्षाघात. जुना मानसिक रुग्ण असला तरी यातलं काही होणारच नाही असं नाही. म्हणून साखर, ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन या पाच गोष्टी बघितल्याशिवाय 'सायकियाट्रिक केस' असं कागदावर लिहू नये.

दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की घरात आनंद होतो, आणि दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसायला लागतात, झटकेही येऊ शकतात. यात जीव जाऊ शकतो. तिथे शपथ आणि अंगारा चालत नाही, भरतीच करावं लागतं.

पुढची चूक, फोनवर नुसतं "वेड लागलंय, लवकर या" म्हणणं. १०८ ला सांगायचं ते असं: वय किती, कधीपासून सुरू झालं, शुद्धीत आहे का, मधुमेह किंवा दारू आहे का, काही विषारी प्यायलाय का, हातात हत्यार आहे का. हत्यार असेल तर ११२ लाही कळवा. पेठेतल्या बोळांत पत्ता सापडत नाही, म्हणून एकाला तालमीच्या कोपऱ्यावर उभं करा. आणि सायरन शेवटच्या वळणाआधी बंद करायला सांगा. घाबरलेल्या माणसाला तो आवाज सहन होत नाही.

पालथं पाडून पाठीवर बसणं. आमच्या कोल्हापुरात हाकेला धावून येणारी पोरं कमी नाहीत, आणि ती मदतीच्या भावनेनंच येतात. पण तालमीतला जोर इथं जीव घेऊ शकतो. पालथ्या माणसाच्या पाठीवर गुडघा दिला की छाती हलत नाही. तो श्वासासाठी धडपडतो, आपल्याला वाटतं अजून मस्ती आहे, आणखी दाबतो. मग तो एकदम गप्प होतो. तो शांत झालाय की श्वास थांबलाय, हे लगेच बघा. धरावंच लागलं तर हातापायांना धरा, छाती, मान आणि तोंड मोकळं ठेवा, लवकरात लवकर कुशीवर वळवा. झोपेचं इंजेक्शन दिल्यावरही श्वास आणि ऑक्सिजन बघत राहावं लागतं.

त्याआधी करायचं ते सोपं असतं, पण गर्दीत कुणी करत नाही. गर्दी हटवायची. त्याच्या ओळखीचं एकच माणूस बोलेल, बाजूला उभं राहून, हळू आवाजात, दाराची वाट न अडवता. "तुला ते आवाज येतायत. मला येत नाहीत, पण तू घाबरलायस हे मला दिसतंय." वादही नको आणि खोटा होकारही नको. चहातून गुपचूप गोळी तर नकोच.

साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात साफ बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. यावर जास्त लिहायची गरज वाटत नाही.

पोलीस केसच्या भीतीनं विष घेतल्याचं लपवणं. यामुळे हातातली माणसं गेलेली मी पाहिलीत. २०१७ च्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जाईल आणि त्याला शिक्षा होणार नाही. दवाखान्यात नोंद होते, जबाब घेतात, तेवढंच. बाटली, पाकीट जे असेल ते सोबत आणा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी घरी आणू नका, काही विषांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. आणि नुसता संशय असेल तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक अशा वेळी चोवीस तास चालतो.

जीप करून थेट रत्नागिरीचं मनोरुग्णालय गाठणं. गुंगीचं औषध दिलेला माणूस मागच्या सीटवर, रात्रीचा आंबा घाट, सोबत ना डॉक्टर ना ऑक्सिजन. आधी जवळचा दवाखाना, मग पुढचं. कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनीही "आमच्याकडे ही सोय नाही" म्हणून न तपासता वाटेला लावू नये. २०१७ च्याच कायद्याच्या कलम ९४ नुसार जीवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. कलम २१ नुसार मानसिक रुग्णालाही इतरांसारखीच रुग्णवाहिका मिळायला हवी. रस्त्यावर भटकणाऱ्या मानसिक रुग्णाला पोलिसांनी कोठडीत ठेवायचं नसतं, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं.

एक छोटी गोष्ट, जी फार उपयोगी पडते. चालू गोळ्यांच्या पाकिटांचा आणि शेवटच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. पंचगंगेला पूर येतो, घर सोडावं लागतं, गोळ्यांची पिशवी मागे राहते, आणि औषध तुटल्यानं आजार उलटतो. आणि माणूस बरा असताना त्यालाच विचारून ठेवा की पुन्हा असं झालं तर जवळ कोण हवं, कोण नको. कायद्यानं ते लिहूनही ठेवता येतं. आबांच्या घरी विचारलं असतं, तर त्यांनी धाकट्या सुनेचं नाव घेतलं असतं. त्या रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला कुणी पुढे येऊ दिलं नाही.