घरी बांधलेल्या लहान एअरबोटीचे इंजिन: निवड आणि दोषशोध

उथळ पाणी, लव्हाळी आणि जलपर्णी यांतून जाणाऱ्या बोटीच्या तळाखाली काहीही लोंबकळत असून चालत नाही, म्हणून एअरबोटीचा पंखा हवेत फिरतो आणि सुकाणूही त्याच्याच मागे हवेतच उभे असते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एव्हरग्लेड्स या गवताळ दलदलीत ही बोट रुळली, कारण तिथे पाण्यापेक्षा गवत अधिक आणि खोली जेमतेम घोट्याइतकी असते. आपल्याकडे उजनीच्या फुगवट्यावर किंवा पवना-इंद्रायणीच्या काठाने जलपर्णी माजते, तेव्हा बोटीच्या मागे टांगलेल्या साध्या आउटबोर्ड मोटारीच्या, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याभोवती तिच्या मुळ्या गुंडाळल्या जातात आणि बोट जागीच अडते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला एअरबोटीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. मात्र या बोटीला ब्रेक नसतो, रिव्हर्स नसतो, आणि सुकाणूला वळवण्याची ताकद पंख्याच्या झोतातूनच मिळते. इंजिन बंद पडले की सुकाणूही निकामी होते आणि बोट आहे त्याच दिशेने घसरत जाते. त्यामुळे येथे इंजिनाचा भरवसा हा सोयीचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे, आणि निवड करताना एचपीच्या आकड्याआधी तोच विचार करावा.

पुढील विवेचन साडेतीन मीटरपर्यंत लांबीच्या, सपाट तळाच्या आणि माणसांसह दोनशे ते अडीचशे किलो भरणाऱ्या बोटीसाठी आहे.

रेटा किती हवा

बोट पुढे जाते ती पंख्याच्या रेट्याने, आणि रेटा किलोत मोजता येतो. मोकळ्या पाण्यावर अशी बोट उचलून घसरू लागण्यासाठी एकूण वजनाच्या निदान पाचव्या हिश्शाइतका रेटा लागेल असे मी धरतो. ओले गवत किंवा चिखल ओलांडायचा असेल तर हा हिस्सा तिसऱ्यापर्यंत न्यावा. म्हणजे दोनशे किलोंच्या बोटीला पाण्यासाठी चाळीस किलो आणि गवतासाठी साठ-पासष्ट किलो.

हा रेटा इंजिनाच्या शक्तीवर जितका अवलंबून असतो तितकाच पंख्याच्या व्यासावर अवलंबून असतो. उभ्या बोटीवरचा रेटा हा शक्ती आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो, म्हणून एचपी दुप्पट केले तरी रेटा दुप्पट न होता सुमारे साठ टक्क्यांनीच वाढतो, आणि व्यास दुप्पट केला तरी तेवढाच वाढतो. एक उदाहरण घेऊ. होंडाच्या जीएक्स ३९० या ३८९ सीसीच्या इंजिनाची शक्ती मिनिटाला ३६०० फेऱ्यांना ११.७ एचपी, म्हणजे ८.७ किलोवॅट आहे. त्याच्या शाफ्टवर थेट १.२ मीटरचा पंखा बसवला तर सैद्धांतिक रेटा साठ किलोंच्या आसपास निघतो, पण प्रत्यक्षात हाती चाळीसच्या आगेमागे येतो. तेच इंजिन पट्टा आणि पुलीने फेरे कमी करून १.५ मीटरच्या पंख्याला जोडले, तर इंजिनात काहीही न बदलता रेट्यात सुमारे सातव्या हिश्शाची भर पडते. नवशिका बांधणारा बहुधा मोठे इंजिन आणि लहान पंखा घेतो. माझ्या मते हीच चूक सर्वांत महाग पडते.

व्यासाला मर्यादा पडते ती पात्याच्या टोकाच्या वेगाची. १.२ मीटरचा पंखा मिनिटाला ३६०० फेऱ्यांनी फिरला तर टोकाचा वेग सेकंदाला २२६ मीटर होतो, आणि १.५ मीटरचा पंखा त्याच फेऱ्यांवर २८३ मीटरला पोहोचतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास असतो आणि त्याच्या जवळ जाऊ लागले की शक्ती रेट्याऐवजी आवाजात खर्च होते. टोकाचा वेग दोनशे ते सव्वादोनशे मीटरच्या आत ठेवावा. फ्लोरिडात एअरबोटीला मफलर आणि दहा फूट उंचीवर नारिंगी झेंडा कायद्याने सक्तीचा आहे. आपल्याकडेही हे दोन्ही आपणहून लावावेत, कारण उंच लव्हाळ्यात समोरून येणाऱ्या नावाड्याला आधी झेंडाच दिसतो.

कोणते इंजिन घ्यावे

एका माणसाच्या बोटीसाठी आडव्या शाफ्टचे, हवेने थंड होणारे, चार-स्ट्रोक औद्योगिक इंजिन ही माझी पहिली पसंती आहे. ते ३६०० फेऱ्यांवर तासन् तास चालण्यासाठीच बनवलेले असते, त्याच्या फ्लायव्हीलवरच थंड हवेचा पंखा असतो आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. दोन माणसांसाठी किंवा गवतासाठी याच जातीचे दोन सिलिंडरचे, २२ एचपीच्या आसपासचे इंजिन घ्यावे, त्याला दीडपट रिडक्शन द्यावे (म्हणजे पट्टा-पुलीने पंख्याचे फेरे इंजिनाच्या दीडपट कमी करावेत) आणि दीड मीटरचा पंखा लावावा. यातून पासष्ट-सत्तर किलो रेटा मिळण्याची अपेक्षा रास्त आहे. दोन सिलिंडरांचा आणखी एक फायदा असा की एका सिलिंडरच्या इंजिनाचे धक्के पंख्याच्या हबला (मधल्या तुंब्याला) आणि त्याला शाफ्टवर धरणाऱ्या चावीला जसे झोडपतात तसे ते झोडपत नाही.

गवत कापायच्या यंत्राचे उभ्या शाफ्टचे इंजिन आडवे करून वापरू नये, कारण त्याची ऑइल फिरवण्याची आणि कार्बोरेटरची मांडणी उभ्या स्थितीसाठीच असते. शेतीपंपाचे डिझेल इंजिन भरवशाचे असले तरी त्याचे वजन या बोटीला पेलत नाही. मोटारसायकलचे इंजिन भंगार बाजारात स्वस्त मिळते, पण ते धावत्या गाडीच्या वाऱ्याने थंड होते. एअरबोटीत ते चालकाच्या पाठीमागे आडोशाला बसते आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर काही मिनिटांतच तापते. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मात्र विचार करण्यासारखे आहे. कार्बोरेटरवाले जुने मॉडेल ५००० फेऱ्यांना ३७ एचपी देते आणि दुप्पट रिडक्शन दिल्यास पंखा २५०० फेऱ्यांवर येतो. पण रेडिएटर, पाणी, बॅटरी आणि रिडक्शनचा सांगाडा मिळून वजन झपाट्याने वाढते आणि ते सारे उंचावर असते. अशा बोटीचा तळ निदान दोन मीटर रुंद नसेल तर वळणावर ती कलंडण्याची भीती राहते.

अल्ट्रालाइट विमानांची दोन-स्ट्रोक इंजिने, उदाहरणार्थ रोटॅक्स ५०३, वजनाच्या मानाने फार शक्ती देतात. ज्याला पेट्रोल-ऑइलचे पन्नासास एक प्रमाण काटेकोर पाळता येते आणि प्लगचा रंग वाचता येतो, त्यानेच त्यांच्या वाटेला जावे. मिश्रण जरा हवेकडे झुकले की पिस्टन जाम होतो आणि तो पूर्वसूचना देत नाही.

जुने इंजिन घेताना शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा, कारण तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेले आहे. पंखा थेट शाफ्टवर बसवल्यास त्याचा रेटा क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर येतो. तिथे बॉल बेअरिंग असेल तर लहान पंख्यापुरते ते निभावते, पण साधे बुश असेल तर निभावत नाही. पट्ट्याच्या मांडणीत पंख्याला स्वतंत्र शाफ्ट आणि रेटा घेणारे बेअरिंग देता येते, म्हणून मी स्वतः तीच मांडणी पसंत करतो. गव्हर्नर, म्हणजे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग, काढून फेरे वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ३६०० फेऱ्यांसाठी बनलेला कनेक्टिंग रॉड आणि ओतीव फ्लायव्हील त्यापुढे तुटतात, आणि त्यांचे तुकडे चालकाच्या पाठीपासून हातभर अंतरावर असतात.

बांधून घेतलेली चाचणी

इंजिन बसवल्यावर पाण्यात जाण्यापूर्वी बोट मागच्या बाजूने झाडाला दोराने बांधावी आणि दोरात हुकाचा डिजिटल वजनकाटा अडकवावा. पंख्याच्या पुढे-मागे जाळी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये आणि पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणालाही उभे राहू देऊ नये. पूर्ण ॲक्सिलरेटरवर फेरे आणि रेटा हे दोन्ही आकडे टिपावेत. ३६०० फेऱ्यांच्या इंजिनाने उभ्या बोटीवर ३४०० ते ३५०० दाखवले तर पंखा आणि इंजिन यांची जोडी जमली. फेरे ३००० वरच अडकले तर पात्यांचा पिच (पात्याचा तिरकस कोन) जास्त आहे, तो एकेक अंशाने कमी करून पुन्हा मोजावे. फेरे सहज गव्हर्नरपर्यंत जात असतील आणि रेटा मात्र कमी असेल तर पिच वाढवावा. पात्याची फुगीर बाजू बोटीच्या पुढच्या टोकाकडे आहे ना, हेही पाहावे. पंखा उलटा बसवलेला असूनही बोट थोडी सरकते आणि मग दोष इंजिनाला दिला जातो.

इंजिन मध्येच बंद पडते तेव्हा

हा सर्वांत जास्त छळणारा दोष आहे. माझ्या पहिल्या बोटीचे इंजिन बाराएक मिनिटे उत्तम चाले, मग दोन-तीन आचके देऊन थांबे, आणि पाच मिनिटांनी जणू काही झालेच नाही असे पुन्हा सुरू होई. मी प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलून जेट फुंकले, फिल्टर नवा घातला. गॅरेजमध्ये प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल गेली असे निदान झाले म्हणून तीही बदलली. शेवटी एकदा पाण्यावरच इंजिन थांबताक्षणी टाकीचे झाकण उघडले, तर फस्स करून हवा आत ओढली गेली आणि पहिल्याच दोरीला इंजिन सुरू झाले. झाकण उलटे करून पाहिले, तेव्हा हवेच्या सुईएवढ्या छिद्रात कुंभारीण माशीने ओली माती भरून ठेवलेली होती आणि ती वाळून दगडासारखी घट्ट झाली होती. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल उतरत नव्हते. टाचणीने ती माती काढली आणि महिन्याभराचा त्रास मिटला.

म्हणून तपासणीचा क्रम इंजिन थांबले त्याच क्षणी, ते गरम असतानाच सुरू करावा. आधी टाकीचे झाकण उघडून लगेच सुरू होते का ते पाहावे. होत नसेल तर प्लग काढून, तो पेट्रोलपासून दूर इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल तर किल स्विचची (इंजिन बंद करण्याच्या स्विचची) वायर कॉइलपासून सोडवून पुन्हा पाहावी. या इंजिनांत स्विच कॉइलची वायर इंजिनाच्या धातूला जोडून (अर्थिंग करून) ठिणगी बंद करतो, त्यामुळे तुषारांनी भिजलेला स्विच किंवा चौकटीला घासून सोललेली वायर आपोआप इंजिन बंद करते. वायर सोडल्यावर ठिणगी आली तर दोष सापडला. दुरुस्तीनंतर ती वायर परत जोडावीच, कारण किल स्विचविना ही बोट चालवू नये. वायर सोडूनही ठिणगी नसेल आणि इंजिन निवल्यावर ती परत येत असेल, तरच कॉइलकडे बोट दाखवावे.

ऑइलची पातळी कमी झाल्यास ठिणगी तोडणारा सेन्सर अनेक औद्योगिक इंजिनांत असतो. बोट सुरुवातीला पुढून उचलली जाते किंवा बांधावर चढते तेव्हा ऑइल एका बाजूला जाते आणि हा सेन्सर इंजिन बंद करतो. ऑइल पूर्ण खुणेपर्यंत भरलेले असूनही फक्त चढावरच इंजिन थांबत असेल, तर इंजिनाची बैठक तिरकी आहे का ते पाहावे. उत्पादकाने सांगितलेली कलाची मर्यादा साधारण वीस अंश असते.

ठिणगी असेल आणि प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ते हवेतील ओलावा शोषते. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली तर तळाशी पाणी साचते आणि जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे स्थिर ठेवावे, म्हणजे तळाचा थर वेगळा दिसतो.

रेटा घटतो किंवा थरथर वाढते तेव्हा

फेरे नेहमीचे आहेत पण बोट ओढत नाही, अशा वेळी इंजिनाला हात लावू नये. पट्ट्याजवळ काळी रबराची पूड किंवा जळका वास असेल तर पट्टा घसरतो आहे. पट्टा ठीक असेल तर पात्याची पुढची कड बोटाने चाचपावी. पाण्याचे तुषार आणि गवताची बोंडे ती कड खडबडीत करतात आणि रेटा हळूहळू घटत जातो. म्हणून तिथे पितळी पट्टी किंवा संरक्षक टेप लावावी. फेरेही घटले असतील तर एअर फिल्टर, ॲक्सिलरेटरची केबल आणि प्लग पाहावा. फिकट तपकिरी प्लग उत्तम, काळा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढरट असेल तर कमी.

थरथर अचानक वाढली तर इंजिन तत्काळ बंद करून बोट वल्ह्याने किनाऱ्याला आणावी. प्लगची वायर काढून ठेवावी, एका पात्याच्या टोकाजवळ काठी रोवावी आणि दुसरे पाते हाताने फिरवून त्याच जागी आणावे. दोन्ही टोकांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर हबचे बोल्ट सैल आहेत किंवा पाते वाकले आहे. लाकडी पंखा पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे ऋतू बदलताना त्याचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेच लागतात. सायलेन्सरच्या वेल्डिंगवर आणि इंजिनाच्या बैठकीच्या कोपऱ्यांवर खडूची पूड चोळावी, म्हणजे केसाएवढी भेगही काळी रेघ होऊन दिसते. एखादा नट सुटला तर तो पंख्यातूनच जातो, म्हणून पंख्याच्या पुढे असलेल्या प्रत्येक नटाला लॉकनट किंवा तार असावी.

पहिल्या चाचणीचे फेरे, रेटा आणि पिच हे तीन आकडे मी इंजिनाच्या कव्हरवर ऑइल पेंटने लिहून ठेवतो आणि दर हंगामाच्या सुरुवातीला बोट त्याच झाडाला बांधून पुन्हा मोजतो. पिच तोच असताना फेरे शंभर-दोनशेंनी घटलेले दिसले, तर पाण्यावर जाण्याआधी व्हॉल्व्हचे अंतर आणि कॉम्प्रेशन तपासून घेतो.