‘टेक’ म्हणजे ‘घेणे’? या चुका टाळा

एका अर्जातलं वाक्य होतं: ‘माय टीचर टुक द एक्झाम ऑन मंडे.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, सरांनी सोमवारी परीक्षा घेतली. इंग्रजी कानाला ऐकू येतं ते भलतंच: सर स्वतःच परीक्षेला बसले! इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी आणि ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. मराठीत नेमकं उलट आहे, आपण परीक्षा देतो आणि सर ती घेतात. त्यामुळे ‘आय ॲम गिव्हिंग माय एक्झाम’ हे वाक्यही तितकंच फसवं. आपापसात ते चालून जातं, पण परदेशी विद्यापीठाला पत्र लिहिताना नको. तिथे ‘टेकिंग’ लिहा.

या एका चुकीच्या मागे सगळ्या चुकांचं मूळ आहे. शाळेत पहिल्यांदा ‘टेक’ म्हणजे ‘घेणे’ असं पाठ होतं आणि ते जन्मभर पुसलं जात नाही. माझं मत विचाराल तर ‘टेक’ला मराठीतला खरा जोडीदार ‘धरणे’ आहे. ‘टेक फॉर ग्रँटेड’ म्हणजे गृहीत धरणं. ‘टेक होल्ड’ म्हणजे पकड धरणं. कपड्याने रंग धरला, तर इंग्रजीत ‘द डाय टुक’. कलमाने जीव धरला, तर ‘द ग्राफ्ट टुक’. ‘घेणे’ डोक्यात ठेवून ही शेवटची दोन वाक्यं वाचून पाहा, काही केल्या अर्थ लागत नाही.

असं का, ते शब्दाच्या जन्मकथेत कळतं. ‘टेक’ मुळात इंग्रजीचा नाहीच. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ हे क्रियापद होतं, जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद ‘नेहमेन’ आजही रोज वापरात आहे. ७९३ मध्ये स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंगांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर छापा घातला. पुढे ते इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात वस्ती करून राहिले आणि १०१६ मध्ये तर डेन्मार्कचा कनूट इंग्लंडच्या गादीवर बसला. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतला ‘टाका’ हा शब्द याच संपर्कातून इंग्रजीत शिरला आणि त्याने हळूहळू ‘निमन’ला बाहेर काढलं. ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’, इतकंच काय, ‘दे’ हे सर्वनामसुद्धा याच वाटेने आलं. ‘टाका’च्या गोतावळ्यातलं एक क्रियापद गॉथिक या आता लुप्त झालेल्या भाषेत सापडतं, त्याचा अर्थ आहे ‘स्पर्श करणे’. म्हणजे हात लावणं आणि पकडणं हा या घराण्यातला जुना अर्थ.

‘निमन’ मात्र पूर्ण मेला नाही. ‘नम’ (numb), म्हणजे बधिर, हा शब्द त्याच्याच भूतकाळी रूपातून आला. त्यातला मुका ‘बी’ मागाहून चिकटलेला. ‘नम’चा मूळ अर्थ ‘धरलेला’. मान धरली, कंबर धरली असं आपण म्हणतो, अगदी तेच चित्र!

इथे एक सापळा आहे. ‘टेक’ आणि आपलं ‘टेकणे’ एकच असणार, असं कुणीतरी ठासून सांगतंच. जमिनीला पाय टेकणं म्हणजे स्पर्शच की, मग मोह होणं साहजिक आहे. पण इंग्रजी, नॉर्स, गॉथिक अशा जर्मॅनिक घराण्यातल्या भाषांतल्या सुरुवातीच्या ‘ट’च्या जागी संस्कृतात ‘द’ सापडतो: ‘टू’ला द्वि, ‘टेन’ला दश, ‘टूथ’ला दंत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमातली ही एक कडी आहे. नातं असतं तर ‘टेकणे’ची सुरुवात ‘द’ने झाली असती. आवाज जुळला, एवढंच.

आता उलट्या दिशेची चूक, जी भाषांतरांत रोज दिसते. ‘टेक युअर टाइम’चं ‘तुमचा वेळ घ्या’ होतं. मराठी माणूस म्हणेल, सावकाश होऊ द्या. ‘टेक अ सीट’चं ‘जागा घ्या’. अहो, बसा म्हणा ना! आणि ‘द मीटिंग टुक प्लेस’चं यंत्राने केलेलं ‘बैठकीने जागा घेतली’ हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. बैठक होते, पार पडते. ‘इट टेक्स टू अवर्स’साठी आपल्याकडे ‘लागणे’ आहे: दोन तास लागतात. ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ म्हणजे ती आईच्या वळणावर गेलीय, इथे घेण्याचा काही संबंधच नाही.

‘काढणे’कडेही लक्ष ठेवा. ‘माझा फोटो काढ’ म्हणजे ‘टेक माय फोटो’, पण ‘भिंतीवरचा फोटो काढ’ म्हणजे ‘टेक इट डाउन’. ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’चा गोंधळ होत असेल तर आणणे आणि नेणे आठवा, प्रश्न मिटतो.

‘डोन्ट टेक टेन्शन’ हे ‘टेन्शन घेऊ नकोस’चं शब्दशः इंग्रजी. ‘डोन्ट वरी’ म्हणा.

शेवटी रूपं. ‘आय हॅव टुक’ चूक, ‘आय हॅव टेकन’ बरोबर. ‘मेक’चं ‘मेड’ होतं म्हणून त्याच्या चालीवर जाऊ नका. ‘टेक’ची चाल ‘शेक, शुक, शेकन’ची आहे. हाच नियम ‘मिस्टेक’ला लागू. तोही नॉर्सचाच, ‘मिस्टाका’, म्हणजे चुकून भलतंच धरणं. क्रियापद म्हणून वापरलात तर ‘मिस्टुक’, ‘मिस्टेकन’, ‘मिस्टेक्ड’ नाही. आणि ‘माझं चुकलं असेल तर’ म्हणायचं असेल, तर ‘इफ आय ॲम नॉट मिस्टेकन’ लिहू नका. त्याचा अर्थ ‘माझं चुकत नसेल तर’ असा होतो, त्यातलं ‘नॉट’ काढून टाका.