वाड्याची कचेरी कधी झाली, ते कागदांतून कसं काढायचं

वाडा कुणी बांधला हे शोधायला सगळेच निघतात. मी म्हणेन, तिथून सुरुवात करू नका. बांधणाऱ्याचं नाव गावात प्रत्येकाच्या तोंडी असतं आणि पुष्कळदा ते आजोबाच्या जागी नातवाचं असतं. त्यापेक्षा वाडा घराण्याच्या हातून कधी सुटला ते आधी शोधा. ज्या घरात आज शाळा, वाचनालय, टपाल कचेरी किंवा न्यायालय आहे, ते घर कुणीतरी दान दिलं, विकलं, भाड्यानं दिलं, नाहीतर ते गहाणात बुडालं किंवा सरकारजमा झालं. घर बांधताना कागद होवो न होवो, हातचं सोडताना तो झाल्याशिवाय राहत नाही.

माझी नोकरी नगर भूमापन कार्यालयात झाली, परिरक्षण भूमापक म्हणून. त्यामुळे मी मिळकत पत्रिकेपासून, म्हणजे प्रॉपर्टी कार्डापासून निघते. इतिहासाची मंडळी बखरीपासून निघतात. त्यांचा मार्ग त्यांना लखलाभ. वाड्याचा सिटी सर्व्हे नंबर मिळवा. नगरपालिकेच्या घरपट्टीवरचा घर नंबर वेगळा आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळा, हे पक्कं लक्षात ठेवा; पेठांमध्ये हा घोळ फार होतो. पत्रिकेत धारकाचं नाव, क्षेत्र आणि धारणाधिकार, म्हणजे जागा कोणत्या हक्कानं धारण केली आहे ते, दिसेल आणि खाली तारीखवार फेरफार. फेरफाराची एकेक ओळ म्हणजे एकेक हस्तांतर. सगळ्यात जुन्या नोंदीपाशी पोचलात की थांबू नका. शहराची मोजणी झाली तेव्हा प्रत्येक मिळकतीच्या हक्काची चौकशी झाली होती, तिची चौकशी नोंदवही वेगळी असते. धारकानं तेव्हा कोणता पुरावा दाखवला हे तिथे दोन-तीन ओळींत लिहिलेलं सापडतं. ऑनलाइन पत्रिकेत हे नसतं, त्यासाठी कार्यालयातच जावं लागतं. सकाळी जा. जेवणाच्या सुट्टीनंतर रजिस्टर काढायला कुणाचा हात उचलत नाही. मी आतली माणूस म्हणून सांगते.

तिथून दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे जिथे दस्तांची नोंदणी होते तिथे. नोंदणीचा कायदा 1860च्या दशकात आला, म्हणून त्याआधीच्या खरेदीखतासाठी तिथे खेटे घालण्यात अर्थ नाही. त्यानंतरचं असेल तर आधी सूची क्रमांक 2, म्हणजे दस्तांची मिळकतवार यादी बघा आणि मग दस्ताची नक्कल मागा. दस्तातली किंमत सगळे वाचतात, तुम्ही चतुःसीमा वाचा. पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस सरकारी रस्ता. आज तो बोळ बुजला असेल, पण शेजाऱ्याच्या दस्तात तुमचा वाडा त्याची पूर्व किंवा पश्चिम म्हणून येतो आणि तिथे मालकाचं नाव असतं. तुमचा दस्त गहाळ असला तरी शेजाऱ्याचा गहाळ असेलच असं नाही.

हे सगळं आपल्या गावच्या वाड्यावर करण्याआधी एखाद्या नोंदल्या गेलेल्या इमारतीवर हात बसवावा. पुण्याचा विश्रामबागवाडा त्यासाठी उत्तम. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला. नोव्हेंबर 1817 मध्ये पेशवे पुणं सोडून गेले आणि 1818 मध्ये शरण येऊन ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला राहिले. वाडा इंग्रज सरकारकडे आला. 1821 मध्ये विद्वान ब्राह्मणांना वाटायच्या दक्षिणेच्या पैशातून तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1851 मध्ये तिचं पूना कॉलेज झालं, 1864 मध्ये डेक्कन कॉलेज, आणि 1868 मध्ये ते येरवड्याच्या इमारतीत गेलं. मे 1879 मध्ये बुधवारवाडा आणि विश्रामबाग दोन्ही आगीत सापडले. बुधवारवाडा गेलाच, विश्रामबागेची पूर्वेची दर्शनी बाजू जळाली आणि पुन्हा उभारली गेली. पुढे विसाव्या शतकात नगरपालिकेची कचेरी तिथे होती, आणि 15 फेब्रुवारी 1950 ला महापालिका झाल्यावरही काही वर्षं तिथूनच कारभार चालला.

आता यात शिकण्यासारखं काय ते बघा. बाजीराव त्या वाड्यात राहिला जेमतेम दशकभर. विद्यार्थी, मास्तर आणि कारकून राहिले त्याच्या कितीतरी पट. तरी माहिती लिहिणारे तीन परिच्छेद बाजीरावाला देतात आणि पाठशाळेला अर्धी ओळ. तुम्ही उलट करा. पाठशाळेचा कागद शिक्षण खात्यात, आगीचा न्यायालयात आणि वर्तमानपत्रात, दुरुस्तीचा बांधकाम खात्यात, कचेरीचा सभेच्या ठरावांत. इमारत एक असली तरी प्रत्येक वापराचं दप्तर निराळं. म्हणून आधी वहीच्या एका पानावर फक्त वापर लिहा: कोण, कधीपासून, कधीपर्यंत. मग प्रत्येक वापरासमोर दप्तर कुठे असेल ते लिहा. मधला काळ कोरा राहिला तर कोराच ठेवा, अंदाजानं भरू नका.

विश्रामबागेसाठी पहिलं हाताशी येणारं पुस्तक म्हणजे 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला खंड 18. तिसऱ्या भागात शहरातल्या इमारतींची वर्णनं आहेत. आग लागून सहाच वर्षं झाली होती, म्हणून ते वर्णन मोलाचं. तुमच्याही जिल्ह्याचा खंड असेल, तो काढा. शोधताना वाड्याचं जुनं नाव ठाऊक हवं. केसरीवाडा पूर्वी बडोद्याच्या गायकवाडांचा होता. त्या काळातलं काही हवं असेल तर गायकवाडवाडा म्हणूनच शोधावं लागतं.

पेशवाईतला कागद हवा तर पुण्याचं पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. कागद मोडीत, त्यामुळे वाचणारं माणूस बरोबर हवं. पण मोडी येणारेही अडतात ते सनावर. त्या कागदांतला सुहूर सन आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो, आणि मृगाला म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून 1161. इसवी सन काढायला त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या महिन्यासाठी 599 मिळवा, जानेवारीनंतर 600. जानेवारीतला कागद असेल तर 1761 येतं, म्हणजे पानिपत. शकात 78 मिळवायचे, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी 79. हे न केल्यामुळे छापील पुस्तकांतसुद्धा एक वर्षाची चूक राहते.

कागद झाले की इमारत वाचा. मी टेप घेऊन जाते आणि आधी खण मोजते, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. जुन्या दस्तात ‘दुमजली, खण पाच’ असं लिहिलेलं असतं, ते जुळतं का बघायचं. भिंत खणाच्या मधूनच गेली असेल तर ती नंतरची, बहुधा वर्ग किंवा कचेरीची खोली वेगळी काढण्यासाठी घातलेली. मग वर बघा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला 1865 मध्ये निघाला, म्हणजे छप्पर पेशवाईतलं आहे असं सांगणाऱ्याला कौल उलटून दाखवावं. पाठीवर कारखान्याचं नाव असतं. पातळ विटा आणि चुना जुना, जाड विटा आणि सिमेंट नवं. तुळईवर वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासणीचे घाव दिसतात की करवतीच्या सरळ रेघा, तेही बघा. विश्रामबागेत सुरूच्या खोडासारखे घडवलेले लाकडी खांब आहेत. बाजीराव रस्त्यावर उभं राहून दर्शनी बाजू बघा, मग आतल्या चौकांत जा, आणि 1879 ची तारीख मनात ठेवून दोन्हीकडचं लाकूड ताडून बघा.

भुयाराची गोष्ट तुम्हाला सांगितली जाईलच. प्रत्येक वाड्यातून जवळच्या किल्ल्यापर्यंत भुयार असतं आणि ते हल्लीच बुजवलेलं असतं. ऐकून घ्या, चहा प्या, वहीत ‘ऐकीव’ असं लिहून ठेवा. मात्र त्याच माणसाला विचारा, शाळेची घंटा कुठे टांगलेली होती, घरपट्टीची खिडकी कुठल्या बाजूला होती. ही उत्तरं बहुतेक वेळा खरी निघतात, कारण खोटं सांगून कुणाला मिरवायचं नसतं.

नगरपालिकेचे जुने ठराव मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून ‘वाड्याचा सर्व इतिहास द्यावा’ असं लिहू नका, अर्ज परत येतो किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. ‘अमुक ते अमुक या पाच वर्षांत या इमारतीच्या भाड्याबाबत किंवा दुरुस्तीबाबत झालेल्या ठरावांच्या प्रती’ असं मागा. दुरुस्तीचे ठराव आवर्जून मागा. कुठली भिंत पडली, कुणी पैसे द्यायला नकार दिला, छप्पर कधी बदललं, हे सगळं त्यात असतं.

मिळालेल्या प्रत्येक प्रतीच्या पाठीमागे पेन्सिलीनं कार्यालय, रजिस्टर, पान आणि तारीख लिहा, शाईनं नको. एक संच त्या इमारतीतच, म्हणजे शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात, पोच घेऊन द्या.