अंडी बारीक झाली? टॉनिक राहू द्या, आधी टाकी उघडा

पाऊस लागला की लेअरवाल्यांचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांचा, एकच घोर असतो, अंडं बारीक झालं. ट्रेचं वजन घटतं, व्यापारी पुलेटच्या (कोवळ्या कोंबडीच्या बारीक अंड्याच्या) भावात माल मागतो आणि दुकानदार साइज वाढवायचं महागडं टॉनिक हातात ठेवतो. पाण्याच्या टाकीचं झाकण मात्र कोणी उघडत नाही. दर पावसाळ्यात चांगले कळप यातच बसलेले पाहिले आहेत. विहीर-बोअरचं पाणी गढूळ झालं असेल तर आजच उघडा.

टाकीच्या आतून हात फिरवा. बुळबुळीत लागलं की समजा, तोच थर पाइपातही आहे. शेवटचं निपल (कोंबडीची पाणी प्यायची तोटी) खोलून पांढऱ्या फडक्यावर झटका. तपकिरी चिकट घाण पडली तर ई. कोलाय जंतूला तिथे आयतं घर मिळालं आहे. गोड टॉनिक आणि गुळाचं पाणी याच लाईनमधून सोडलं की थर आणखी जाड होतो. म्हणजे पैसे देऊन रोग पोसायचा.

संसर्ग झाला की कोंबडीचं खाणं तुटतं. रोजच्या 110 ग्रॅम खाद्यावरून 95 वर आली तर प्रथिनं आणि त्यांतलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतात, आणि पोटात जातं त्यातलंही रोगाशी झुंजण्यात खर्ची पडतं. अंडनलिका सुजली की पांढरा भाग पातळ आणि कमी बनतो. मेलेली कोंबडी फाडून घेतली तर पोटात फुटलेला बलक आणि नलिकेत पनीरासारखे पिवळे गोळे दिसतात. त्या अवस्थेतली कोंबडी कोणत्याही टॉनिकने पुन्हा रांगेला लागत नाही.

रोज एकाच रांगेतला 30 अंड्यांचा ट्रे तोला. 55 ग्रॅमच्या अंड्याला निव्वळ 1650 ग्रॅम भरायला हवेत. 60 ग्रॅम घटले म्हणजे अंड्यामागे 2 ग्रॅम गेले. माझा अनुभवाचा अंदाज असा की पाणी दोषी असेल तर लाईनच्या टोकाच्या पिंजऱ्यांतली अंडी आधी बारीक होतात. सगळ्या शेडमध्ये सारखीच घट असेल तर मक्याची बुरशी आणि खाद्य तपासा.

क्लोरीनची मात्रा: 1000 लिटर पाण्याला 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर 10 ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. शेवटच्या निपलला क्लोरीन मोजायच्या पट्टीवर 2 ते 3 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) दिसलं पाहिजे. गढूळ पाणी क्लोरीन खातं, तिथे पट्टी बघत मात्रा वाढवा. उघड्या पडलेल्या जुन्या पावडरीवर विसंबू नका.

बाकीची कामं:
- टाकी आठवड्याला घासणे
- लाईनचं टोक उघडून दाबाने पाणी सोडणे. टॉनिक दिलंच तर त्याच संध्याकाळी
- पाण्यातून जिवंत लस देताना एक दिवस आधी ते एक दिवस नंतर क्लोरीन बंद
- तपासणीला न्यायचे सोडून बाकी मेलेले पक्षी लगेच खड्ड्यात, चुन्यासह
- उंदीर, माश्या, ओली विष्ठा यांचा बंदोबस्त

कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोणी देऊ केलं तर घेऊ नका, 2019 पासून कोंबड्यांसाठी त्यावर बंदी आहे. दुसरं प्रतिजैविकही चाचणीशिवाय नको. ताजे मेलेले दोन-तीन पक्षी आणि निर्जंतुक बाटलीत शेवटच्या निपलचं पाणी बर्फात ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत किंवा पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पोहोचवा. बाटली भरताना टाकीचं पाणी घेऊ नका, निपलचंच घ्या.